शनिवारचा दिवस आम्हाला परत द्या : अमेरिकी विद्यापीठांच्या क्रीडासंचालकांस खुले पत्र

प्रति,
अमेरिकेतील विद्यापीठांचे क्रीडासंचालक आणि कॉलेज फुटबॉलच्या सर्व कॉन्फरन्सचे आयुक्त यांस

विषय : सामन्यांच्या वेळा, टेलगेटिंगची मैदाने आणि स्टेडियममधील रिकामी बाके

माननीय महोदया व महोदय,

मी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका विद्यापीठाच्या गावात राहतो, त्याच विद्यापीठात शिकलो आणि शिक्षण संपल्यापासून फुटबॉलचे हंगामी तिकीट पदरच्या पैशाने घेत आलो आहे. विद्यापीठाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे सांगायचे आहे ते थोड्याफार फरकाने आपल्यापैकी बहुतेकांना लागू आहे. इंग्रजी पत्र आपल्याकडे स्वतंत्रपणे येईलच. ते मराठीतही प्रसिद्ध करतो आहे, कारण दर ऑगस्टमध्ये मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूरकडून आपल्या आवारात मराठी मुलेमुली येतात, त्यांचे आईवडील तिकडे कर्ज काढून शुल्क भरतात आणि अनेक विद्यापीठांत त्या शुल्कातला काही भाग थेट क्रीडा विभागाच्या खात्यात जातो. ज्या खेळासाठी आपण पैसे मोजतो त्याचे काय चालले आहे, हे त्यांनाही समजायला हवे.

प्रेक्षकसंख्या का घटते, यावर आपण बरीच वर्षे विचार करीत आहात. त्यावर आपण काढलेले उपायही आम्ही पाहिले : मोठमोठे पडदे, वेगवान वायफाय, पाठीला टेकू असलेल्या खुर्च्या, काचेआडच्या वातानुकूलित खोल्या आणि आत मिळणारी बिअर. या सगळ्यामागे एकच गृहीतक दिसते, ते म्हणजे स्टेडियमची लढत दिवाणखान्यातल्या टीव्हीशी आहे. माझे नम्र म्हणणे असे की दिवाणखान्यातली सोय स्टेडियममध्ये आणून ती लढत कधीच जिंकता येणार नाही. प्रेक्षक घर सोडतो ते शनिवारच्या आख्ख्या दिवसासाठी. सामना हा त्या दिवसातला साडेतीन तासांचा भाग असतो. बाहेरच्या मैदानावरचा तो दिवस आपण गेल्या काही वर्षांत इतका अनिश्चित, आखूड आणि महाग करून ठेवला आहे, की आतली बाके रिकामी राहिली तर नवल वाटायला नको.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. येथे फुटबॉल म्हणजे शिरस्त्राण घालून, अंडाकृती चेंडू हातात घेऊन खेळला जाणारा अमेरिकी खेळ. ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर या काळात एका विद्यापीठाच्या वाट्याला घरच्या मैदानावर सहा-सात सामने येतात आणि ते बहुधा शनिवारी होतात. आपापसांत नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. त्या दिवशी लोक सामन्याच्या कित्येक तास आधी येऊन स्टेडियमबाहेरच्या मैदानावर गाडी लावतात, गाडीचे मागचे दार किंवा डिकी उघडतात, चार पायांचा तंबू ठोकतात, शेगडी पेटवतात आणि ओळखी-अनोळखी सर्वांबरोबर खातपीत दिवस काढतात. यालाच टेलगेटिंग म्हणतात. जत्रेला गेलेल्या माणसाचे देवदर्शन क्षणभराचे असते आणि उरलेला दिवस तो पालात, पाहुण्यांत, चुलीपाशी घालवतो. हेही तसेच आहे. अनेकजण तर तिकीट नसतानाही येतात, बाहेरच तंबूतल्या टीव्हीवर सामना पाहतात आणि संध्याकाळी समाधानाने घरी जातात.

आमच्या रांगेत कुंपणाला लागून एक निवृत्त मेकॅनिक आणि त्यांची पत्नी बसतात. शेतीची अवजारे दुरुस्त करण्यात त्यांचे आयुष्य गेले. ते उजाडायच्या आत कोळसा पेटवतात, कांदा आणि बिअर घातलेल्या पातेल्यात सॉसेज आधी उकळून घेतात आणि मग शेगडीवर खरपूस भाजतात. एका वर्षी आम्ही उकडलेल्या कोथिंबीरवडीचा ट्रे नेला होता. तळायची सोय नव्हती. त्यांनी काही न विचारता वड्या चिमट्याने उचलून जाळीवर मांडल्या, दोन्ही बाजूंनी काळसर पट्टे उमटेपर्यंत भाजल्या आणि पहिली वडी मोहरी लावून स्वतः खाल्ली. सांगलीहून नुकताच आलेला एक विद्यार्थी तेव्हा आमच्याबरोबर होता. दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात आणि चौथ्या संधीला बहुतेक संघ चेंडू पायाने लांब मारून का देऊन टाकतात, हे त्या गृहस्थांनी त्याला कागदी ताटलीवर सॉसच्या रेघा ओढून शिकवले. पुढच्या सामन्याला तो तिकीट काढून आला. आपल्या विपणन विभागाने पाठवलेल्या शंभर ईमेलनी हे झाले नसते. (चकली आणि फुटबॉल यांची जोडी बटाट्याच्या वेफर्सपेक्षा सरस जमते, हे माझे मत मी अनेक साक्षीदारांसमोर सिद्ध करून दाखवलेले आहे.)

हा प्रकार प्रत्येक गावी निराळा असतो. मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डला ‘ग्रोव्ह’ या सुमारे दहा एकरांच्या वृक्षराजीत झुंबरे टांगलेले तंबू आणि पांढऱ्या चादरींची मेजे लागतात. पावसाने तिथली जमीन चिखलमय झाल्यावर 1991 पासून आत गाड्यांना मज्जाव झाला, उघड्या विस्तवालाही परवानगी नाही, तरी गर्दी हटली नाही. सिअ‍ॅटलला लोक लेक वॉशिंग्टनमधून बोटी घेऊन स्टेडियमला लागतात, टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला नदीतून येतात. लुइझियानातल्या बॅटन रूजला गंबो हा दाट रस्सा आणि जंबलाया हा मसालेभात मोठमोठ्या पातेल्यांत शिजतात. मिशिगन विद्यापीठाच्या अ‍ॅन आर्बर गावी विद्यापीठाचे गोल्फचे मैदान आणि समोरच्या हायस्कूलचे आवार गाड्यांनी भरून जाते, आणि आसपासचे रहिवासी आपल्या घरासमोरच्या हिरवळीवर पैसे घेऊन गाड्या लावू देतात. यातले बहुतेक लोकांनी आपापल्या हौसेने उभे केले. आपण त्यासाठी जागा आणि वेळ दिलीत, इतकेच. आणि त्या दोनच गोष्टी आता आम्ही मागतो आहोत.

आधी वेळेबद्दल. रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात 6 नोव्हेंबर 1869 रोजी पहिला आंतरविद्यापीठीय सामना झाला. तेव्हापासून जवळजवळ शतकभर सामना किती वाजता सुरू करायचा हे यजमान विद्यापीठच ठरवत असे. टीव्ही आला तेव्हा आपल्याच पूर्वसूरींना त्याची धास्ती वाटली होती. थेट प्रक्षेपणामुळे मैदानावरची गर्दी ओसरते, या भीतीने एनसीएए या विद्यापीठीय खेळांच्या नियामक संघटनेने 1951 पासून प्रक्षेपणावर कडक मर्यादा घातल्या आणि कोणता संघ किती वेळा टीव्हीवर दिसावा हेही ठरवून दिले. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी ती मक्तेदारी न्यायालयात आव्हान देऊन मोडली. सर्वोच्च न्यायालयाचा 7 विरुद्ध 2 असा निकाल 1984 मध्ये लागला. तो निकाल चुकीचा होता असे मी म्हणत नाही. पण त्यानंतर कॉन्फरन्सनी प्रक्षेपणाचे हक्क विकले आणि त्याबरोबर घड्याळही विकून टाकले. बिग टेन कॉन्फरन्सने 2022 मध्ये जाहीर केलेला करार सात वर्षांचा आणि सात अब्ज डॉलरहून मोठा आहे. एवढी रक्कम देणारा आपल्या सोयीची वेळ मागणार, हे उघडच आहे.

त्याचा परिणाम असा की हंगामाचे पहिले दोन-तीन आठवडे सोडले, तर सामना दुपारी बाराला आहे, साडेतीनला आहे की रात्री साडेसातला, हे प्रेक्षकाला बारा दिवस आधी कळते, आणि कधी कधी तर सहाच दिवस आधी. तिकिटाचे पैसे त्याने सहा महिन्यांपूर्वीच भरलेले असतात. दोनशे मैलांवरून मुलाबाळांसह येणाऱ्या कुटुंबाने हॉटेल एका रात्रीचे घ्यायचे की दोन, हे ते कसे ठरवणार? फॉक्स वाहिनीने 2019 पासून आपला मोठा सामना पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार दुपारी बाराला ठेवला. म्हणजे घड्याळ एक तास मागे असलेल्या आमच्या मध्य-पश्चिमेतल्या मॅडिसन, आयोवा सिटी, लिंकन या गावांत तो सकाळी अकराला सुरू होतो. अकराच्या सामन्याला शेगडी कधी पेटवायची, मांस कधी शिजायचे आणि लोकांनी एकमेकांशी बोलायचे तरी कधी? ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीकडचे मांस, मंद आचेवर दहा-बारा तास घेते; वाहिनीच्या वेळापत्रकाशी तिचा करार झालेला नाही.

आमच्या मराठी मंडळालाही याचा फटका बसतो. दिवाळीचा कार्यक्रम आम्ही एका शाळेच्या सभागृहात घेतो आणि त्या शाळेचे पटांगण सामन्याच्या दिवशी गाड्यांसाठी भाड्याने जाते. सभागृह उन्हाळ्यातच ठरवावे लागते, सामन्याची वेळ मात्र दिवाळीच्या तोंडावर कळते. एका वर्षी फराळ आणि मुलांची नाटुकली दुपारी ठेवली आणि सामनाही नेमका दुपारचाच निघाला. पटांगणात जागा मिळेना, रस्ते बंद, आणि निम्मी मंडळी साड्या-झब्ब्यांत दीड मैल चालत आली. वेळ महिनाभर जरी आधी कळली असती, तरी आम्ही कार्यक्रम संध्याकाळी नेला असता आणि दुपारी स्वतःच सामन्याला गेलो असतो. त्या दिवशी आमची बारा-चौदा तिकिटे वाया गेली. आपल्या हिशेबात ती ‘विकलेली’ म्हणून जमा आहेत.

हे टाळता येत नाही, असे कोणी म्हणू नये. आग्नेय राज्यांतल्या एसईसी कॉन्फरन्सने 2024 पासून उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच जवळपास सगळ्या सामन्यांच्या वेळेचा पट्टा जाहीर करायला सुरुवात केली : सकाळचा, दुपारचा की रात्रीचा. मोजक्या सामन्यांची वेळ त्यांनी मोकळी ठेवली. नेमका मिनिट कळला नाही तरी माणसाला दिवस आखता येतो. जे एका कॉन्फरन्सला जमले ते इतरांना पुढच्या करारात मागून घेता येईल, आणि मागितले तर वाहिन्या नाही म्हणतील असे मला वाटत नाही. रिकामी बाके पडद्यावर त्यांनाही शोभत नाहीत.

आता हजेरीच्या आकड्यांकडे वळतो, कारण दुखणे झाकण्याची सवय इथे जुनी आहे. सर्वोच्च श्रेणीतील विद्यापीठांची सरासरी हजेरी 2018 मध्ये 41,856 होती आणि 1996 नंतरचा तो नीचांक होता. महासाथीनंतर आकडे काहीसे सावरले, हे मान्य. परंतु ते आकडे मुळात विकलेल्या अथवा वाटलेल्या तिकिटांचे असतात. वॉल स्ट्रीट जर्नलने 2017 च्या हंगामातील प्रवेशद्वारावर स्कॅन झालेल्या तिकिटांची माहिती अनेक विद्यापीठांकडून मिळवली, तेव्हा प्रत्यक्ष आत आलेले लोक जाहीर संख्येच्या सुमारे 71 टक्केच निघाले. नेब्रास्का विद्यापीठाचा घरचा प्रत्येक सामना 3 नोव्हेंबर 1962 पासून ‘हाउसफुल्ल’ आहे आणि ती मालिका चारशे सामन्यांच्या पुढे गेली आहे. मात्र 2021 मध्ये ती टिकवण्यासाठी देणगीदारांनी उरलेली तिकिटे घेऊन गरजू मुलांना दिली. मुले सामन्याला आली याचा आनंदच आहे, पण त्या आकड्यावरून आपल्या तिकीट खिडकीने काही शिकणे कठीण. उलट बाजूही सांगितली पाहिजे : मिशिगनच्या स्टेडियममध्ये 8 नोव्हेंबर 1975 पासून, प्रेक्षकांना बंदी असलेले 2020 साल वगळता, प्रत्येक सामन्याची जाहीर हजेरी लाखाच्या वर आहे, आणि बाहेर गाड्यांसाठी गोल्फचे मैदान, शाळेचे आवार आणि लोकांची अंगणे अशी सहज मिळणारी जागा तिथे अजून शाबूत आहे, हा मला योगायोग वाटत नाही.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर उपाय रोगापेक्षा विचित्र झाले. अलाबामाच्या विद्यापीठाने 2019 मध्ये मुलांच्या फोनवर एक अ‍ॅप दिले. मैदानात आल्याबद्दल 100 गुण आणि चौथ्या सत्रापर्यंत थांबल्याबद्दल आणखी 250. मुलगा खरोखर बसला आहे की निघून गेला, हे फोनच्या ठिकाणावरून कळणार. मुले मध्यांतरानंतर का उठून जातात, हे त्यांना कोणी विचारले असते तर हजेरीपटाची वेळ आली नसती. टीव्हीच्या जाहिरातींसाठी खेळ थांबतो, लाल टोपीतला माणूस मैदानाच्या कडेला हात वर करून उभा राहतो आणि सगळे स्टेडियम उन्हात किंवा थंडीत त्याच्या हाताकडे पाहत बसते. सामने लांबतात म्हणून 2023 मध्ये नियम बदलला आणि पहिल्या डाउननंतर, म्हणजे दहा यार्ड सरकून नव्या चार संधी मिळाल्यावर, घड्याळ थांबवणे जवळजवळ बंद केले, म्हणजे प्रत्यक्ष खेळ कमी केला. आणि लगेच 2024 मध्ये दोन मिनिटे उरली असताना एक नवा सक्तीचा विराम घातला.

जागेचा प्रश्न पैशाशी बांधलेला आहे. स्टेडियमलगतची मैदाने देणगीच्या श्रेणीनुसार वाटली जातात. चांगल्या आसनांच्या हक्कापोटी दिलेल्या देणगीवर पूर्वी 80 टक्के रकमेची करसवलत मिळत असे. 2017 च्या कायद्याने ती 2018 पासून बंद झाली. मध्यमवर्गीय जुना सदस्य तेव्हापासून मागे सरकतो आहे आणि त्याच्या जागी कंपनीच्या खर्चाने आलेले पाहुणे दिसतात. त्यांच्यासाठी तंबू, खुर्च्या, जेवण असे सगळे तयार ठेवणारे ठेकेदार आले आहेत. तयार तंबूला माझी हरकत नाही, पण त्यात शेजारी कोण बसला आहे याची कुणाला फिकीर नसते. सांगलीच्या त्या मुलाला तिथे कोणी ताटलीवर रेघा ओढून दाखवल्या नसत्या. आमच्या कुंपणालगतच्या रांगेचा अर्धा भाग आता ‘प्रीमियम’ झाला आहे आणि ते मेकॅनिक दांपत्य पाऊण मैल लांब, शटलच्या थांब्यापलीकडे गेले आहे. गुडघ्याच्या दुखण्यामुळे त्या बाई गेल्या हंगामात आत आल्याच नाहीत.

दारूबद्दल न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. टेलगेटिंगची काळी बाजू तीच आहे, आणि मैदाने आक्रसताना आपण नेहमी तिच्याकडेच बोट दाखवता. हार्वर्ड-येल सामन्यापूर्वी नोव्हेंबर 2011 मध्ये टेलगेटिंगच्या मैदानात भाड्याचा एक ट्रक गर्दीत घुसून एका तरुणीचा जीव गेला. त्यानंतर येलने अशा ट्रकांवर आणि बिअरच्या पिंपांवर बंदी घातली, ती योग्यच होती. वेस्ट व्हर्जिनियाने 2011 मध्ये स्टेडियमच्या आत बिअर विकायला सुरुवात केली आणि त्याचबरोबर मध्यांतरात बाहेर जाऊन पुन्हा आत येण्याची मुभा काढून घेतली. सामन्याच्या दिवशीचे पोलिसांचे काम त्यानंतर कमी झाले. म्हणजे नेमके नियम लावता येतात. एकवीस वर्षांखालील मुलांना दारू मिळू नये यासाठी आपण जे कराल त्याला आमच्यासारख्या पालकांचा पाठिंबाच राहील, आणि व्हिसावर आलेल्या आपल्या मराठी मुलांनाही येथेच सांगून ठेवतो की दारू पिऊन गाडी चालवताना झालेली एक अटक व्हिसा रद्द व्हायला पुरेशी ठरू शकते. पण ज्या संस्था बंदोबस्ताचे कारण देऊन बाहेरचे तास कमी करतात, त्यांनीच आत चौदा-पंधरा डॉलरला बिअरचा कॅन विकावा, हे पटायला जड जाते.

आपल्यावर नवे ओझे आले आहे, याची मला कल्पना आहे. जून 2025 मध्ये मान्य झालेल्या न्यायालयीन तडजोडीमुळे प्रत्येक विद्यापीठ पहिल्या वर्षी 20.5 दशलक्ष डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना देऊ शकते. ज्यांच्या हाडांवर हा उद्योग उभा आहे त्यांना वाटा मिळतो, याचे मी मनापासून स्वागत करतो. शंका एवढीच आहे, की ती रक्कम पार्किंगच्या पावतीतून काढण्याचा मोह होईल. दुसरीकडे कॉन्फरन्स इतक्या विस्तारल्या आहेत की लॉस एंजेलिसचे यूसीएलए आणि न्यू जर्सीचे रटगर्स हे आता एकाच बिग टेनमध्ये आहेत. दोघांत सुमारे चार हजार किलोमीटरचे अंतर. पाहुण्या संघाचे लोक पूर्वी शेजारच्या राज्यातून गाडी हाकत यायचे, आमच्या रांगेत त्यांचे झेंडे लागायचे, चिडवाचिडवी व्हायची आणि ताटल्यांची देवघेवही. विमानाने कोणी शेगडी घेऊन येत नाही. म्हणून उरलेल्या स्थानिक माणसाला सांभाळणे पूर्वीपेक्षा अधिक गरजेचे झाले आहे.

आत आलेल्या माणसाला घरच्या टीव्हीपेक्षा वेगळे काय मिळू शकते, याचे उत्तम उदाहरण आयोवा सिटीत आहे. तेथील मुलांचे रुग्णालय स्टेडियमला लागून उंच उभे आहे. 2017 पासून पहिले सत्र संपले की प्रेक्षक, दोन्ही संघांचे खेळाडू आणि पंचही त्या खिडक्यांकडे वळून हात हलवतात आणि वरून आजारी मुले हात हलवून उत्तर देतात. ही कल्पना कोणत्याही सल्लागार कंपनीची नव्हती. एका चाहतीने समाजमाध्यमावर सुचवली आणि लोकांनी उचलून धरली.

पुढील हंगामासाठी तिकिटाच्या नूतनीकरणाचे पत्र हिवाळ्यात आम्हाला येईल. आमची मागणी अशी आहे की पैसे भरण्याची मुदत संपण्यापूर्वी घरच्या प्रत्येक सामन्याचा किमान पट्टा, म्हणजे सकाळ, दुपार की रात्र, आम्हाला कळवावा आणि ज्यांची वेळ मोकळी ठेवायची असेल असे सामने दोनपेक्षा जास्त नसावेत. देणगीची अट नसलेले, चालत जाण्याच्या अंतरावरचे एक तरी मैदान प्रत्येक विद्यापीठाने राखावे आणि ते सामन्याची वेळ कोणतीही असली तरी किमान सहा तास आधी उघडावे. आणि गेल्या हंगामात प्रत्येक सामन्याला प्रत्यक्ष किती तिकिटे स्कॅन झाली, ते त्याच पत्रात छापावे. सार्वजनिक विद्यापीठांच्या बाबतीत हा शेवटचा तपशील माहितीच्या कायद्याखाली अर्ज करून आम्ही मिळवू शकतो. तशी वेळ आपण येऊ देणार नाही, अशी अपेक्षा आहे.

कळावे.

आपला,
एक हंगामी तिकीटधारक व माजी विद्यार्थी